‘यूएनवाल्यांना युनियन कशाला?’ : फिरणाऱ्या एका मेसेजला उत्तर

कॉलेज रोडच्या अभ्यासिकांमधली मुलं असोत की नाशिक रोडच्या निवृत्त प्रेस कामगारांचे ग्रुप, सध्या सगळीकडे एकच मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: संयुक्त राष्ट्रांचे कर्मचारी म्हणजे जगातले सगळ्यात लाडावलेले नोकरदार. त्यांना कर नाही, कुठल्या देशाचा कायदा लागू नाही, नोकरी जन्मभराची, पगार डॉलरमध्ये, राहणं ऐटीत. तरी त्यांच्या संघटना आहेत आणि हे लोक जिनिव्हात संपही करतात. यांना युनियन हवीच कशाला?

मी नाशिकच्या कामगार न्यायालयात वकिली करतो आणि माझी भाची यूएनच्या एका संस्थेत परदेशात नोकरीला आहे. त्यामुळे हा मेसेज वाचून गप्प बसवलं नाही. एकेक मुद्दा घेतो.

‘कर नाही.’ कर्मचाऱ्याच्या एकूण पगारातून संस्था आधीच ‘स्टाफ असेसमेंट’ नावाची कपात करते. ती म्हणजे संस्थेचा अंतर्गत करच. पगारावर पुन्हा देशाचा आयकर लागू नये, ही तरतूद 1946 च्या विशेषाधिकार करारात आहे आणि भारताने त्यासाठी 1947 साली कायदाही केला. अमेरिका मात्र आपल्या नागरिकांकडून आयकर घेतेच, आणि तो त्यांना परत देण्यासाठी यूएनला वेगळा निधी ठेवावा लागतो. सगळ्या देशांनी मिळून चालवलेल्या संस्थेच्या पगारातून एकाच देशाच्या तिजोरीत पैसा जाऊ नये, एवढाच यामागचा विचार.

‘कायदा लागू नाही.’ इथे मेसेज लिहिणाऱ्याने गोष्ट अर्धीच सांगितली आहे. संरक्षण आहे ते कर्तव्य बजावताना केलेल्या कामापुरतं, आणि ते कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक फायद्यासाठी नाही, असं त्याच करारात स्पष्ट लिहिलंय. न्यायाच्या आड येत असेल तर महासचिव ते काढून घेऊ शकतात.

उरलेली अर्धी बाजू जास्त महत्त्वाची आहे. संस्थेलाही न्यायालयीन कारवाईपासून संरक्षण आहे. म्हणजे मालकाने अन्याय केला तर कर्मचाऱ्याला त्या देशाच्या न्यायालयात दाद मागता येत नाही. सातपूरच्या कारखान्यातल्या कामगाराला काढलं तर तो माझ्याकडे येतो, आम्ही कामगार न्यायालयात जातो, तिथून उच्च न्यायालय, प्रसंगी सर्वोच्च न्यायालय. यूएनच्या सचिवालयातल्या माणसाला आधी 60 दिवसांच्या आत प्रशासनाकडेच फेरविचाराचा अर्ज करावा लागतो. नंतर यूएनचंच विवाद न्यायाधिकरण आणि त्यावर यूएनचंच अपील न्यायाधिकरण. ही दुपदरी व्यवस्थासुद्धा 1 जुलै 2009 पासूनची. त्यापुढे दार नाही.

बरं, जिंकलं तरी काय मिळतं? नेमणूक, बढती किंवा नोकरी संपवण्याचा निर्णय न्यायाधिकरणाने रद्द केला, तरी त्याच आदेशात पर्यायी भरपाईची रक्कम लिहावी लागते. निर्णय मागे घ्यायचा की पैसे देऊन मोकळं व्हायचं, हे प्रशासन ठरवतं. भरपाईची मर्यादाही सर्वसाधारणपणे दोन वर्षांच्या निव्वळ मूळ पगाराची. खटला जिंकूनही खुर्ची परत मिळेलच याची खात्री नाही. कामावर परत घेण्याचा आदेश मिळवणं किती अवघड असतं हे मला रोज दिसतं, पण निदान तो आदेश मानायचा की पैसे द्यायचे हे ठरवण्याची मुभा आपल्या कायद्याने मालकाच्या हातात ठेवलेली नाही.

‘जन्मभराची नोकरी.’ भाचीचं नेमणूकपत्र मी स्वतः वाचलंय. मुदतीची नेमणूक, आणि त्यात सरळ लिहिलेलं, की मुदत संपल्यावर नूतनीकरणाची कोणतीही अपेक्षा, कायदेशीर किंवा अन्य, धरता येणार नाही. 2025 मध्ये देणगीदार देशांनी, विशेषतः अमेरिकेने, हात आखडता घेतल्यावर जागतिक आरोग्य संघटना, निर्वासितांसाठीची संस्था, अन्न कार्यक्रम या सगळ्यांनी हजारो पदं कमी करायला घेतली. दुसऱ्या देशात नोकरी गेली की पगाराबरोबर तिथे राहण्याचा परवाना आणि मुलांची शाळाही धोक्यात येते. जोडीदाराला त्या देशात काम करायची परवानगी बऱ्याचदा आधीपासूनच नसते, म्हणजे घर एकाच पगारावर उभं असतं.

‘डॉलरमध्ये पगार.’ पगार चांगला असतो, हे मान्य. पण दिल्लीच्या कार्यालयातल्या ड्रायव्हरला किंवा कारकुनाला जिनिव्हाचा पगार मिळत नाही. स्थानिक कर्मचाऱ्यांचा पगार त्या शहरातल्या चांगल्या मालकांच्या पगारावरून ठरतो आणि स्थानिक चलनात मिळतो. आंतरराष्ट्रीय अधिकाऱ्यांसाठी अमेरिकेच्या केंद्रीय सेवेचा पगार पाया धरतात आणि त्यात शहराच्या महागाईप्रमाणे भर घालतात. ही भर ठरवतो 15 सदस्यांचा आंतरराष्ट्रीय नागरी सेवा आयोग, आणि त्याचे सदस्य नेमते महासभा. कर्मचाऱ्यांचे प्रतिनिधी तिथे बाजू मांडू शकतात, पण मत देऊ शकत नाहीत.

मेसेजमधला जिनिव्हाचा संप याच व्यवस्थेतून निघाला. 2017 मध्ये आयोगाने नव्या महागाई पाहणीच्या आधारे तिथले पगार कमी करायचा निर्णय घेतला. संघटनांनी पाहणीची पद्धत तपासून तिच्यातल्या चुका दाखवल्या, 2018 मध्ये कामबंद केलं आणि शेवटी प्रकरण न्यायाधिकरणांकडे गेलं. काही संस्थांचे वाद यूएनच्या न्यायाधिकरणांऐवजी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या न्यायाधिकरणाकडे जातात. जुलै 2019 मध्ये त्याने ही कपात बेकायदा ठरवली. ज्यांचे खटले यूएनच्या स्वतःच्या न्यायाधिकरणांपुढे होते, ते मात्र हरले. एकच शहर, एकच कपात, आणि कोणाची संस्था कुठल्या न्यायाधिकरणाखाली येते यावर पगार ठरला! अशी लढाई एकट्यादुकट्याने वकील लावून लढता येईल का?

‘ऐटीत राहतात.’ न्यूयॉर्क, जिनिव्हा, व्हिएन्ना सोडलं तर बाकीचं जगही आहे. खडतरपणावरून ठाण्यांना, म्हणजे नेमणुकीच्या ठिकाणांना, ‘ए’ ते ‘ई’ (सगळ्यात खडतर) अशी प्रतवारी असते, आणि बरीच ठाणी कुटुंब नेता येणार नाही अशी. भाची अशाच एका ठाण्यावर आहे. तारेच्या कुंपणाच्या आवारात एक खोली, दर संध्याकाळी ठरलेल्या वेळी रेडिओवर आपला संकेत सांगून ‘सुरक्षित आहे’ अशी हजेरी, आणि काही आठवड्यांनी मिळणारी थोड्या दिवसांची सुट्टी. ‘मामा, आज गेटबाहेर बंदी आहे’ हे वाक्य आमच्या घरात आता सवयीचं झालंय. तिच्या आईला अजून नाही झालं.

19 ऑगस्ट 2003 ला बगदादच्या कॅनाल हॉटेलमधल्या यूएन कार्यालयावर बॉम्बहल्ला झाला आणि 22 माणसं गेली, त्यात प्रमुख सर्जिओ व्हिएरा द मेलोही होते. ऑक्टोबर 2023 नंतर गाझात पॅलेस्टिनी निर्वासितांसाठीच्या संस्थेचे 200 हून अधिक कर्मचारी मारले गेले, आणि ते बहुतेक तिथलेच रहिवासी होते. ठाणं चालू ठेवायचं की बंद करायचं आणि स्थानिक कर्मचाऱ्यांना बाहेर काढायचं की नाही, हे प्रश्न व्यवस्थापनापुढे कोणीतरी नेटाने मांडावे लागतात.

‘मग युनियन कशाला?’ यूएनच्या सेवा नियमांच्या आठव्या प्रकरणातच कर्मचाऱ्यांच्या निवडलेल्या प्रतिनिधी मंडळांची तरतूद आहे, किमान दर दोन वर्षांनी निवडणुकीसह. नाशिक रोडच्या नोटा छापणाऱ्या प्रेसमधल्या मंडळींना हे नवीन वाटायला नको. तिथल्या संघटनेच्या निवडणुकीची चर्चा तर शहरभर होते. फरक एवढाच, की प्रेसची संघटना वाटाघाटीला बसते आणि मागे देशाचा कामगार कायदा उभा असतो. यूएनमध्ये प्रतिनिधींशी ‘सल्लामसलत’ करायची असते आणि अंतिम शब्द महासचिवांचा किंवा महासभेचा. मागे कुठल्याही देशाचा कामगार कायदा नाही.

आणि संपाचं म्हणाल, तर तोही आयता मिळालेला नाही. म्युनिकचं युरोपियन पेटंट कार्यालय यूएनचा भाग नाही, पण तिथले वाद आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्याच न्यायाधिकरणाकडे जातात. त्या कार्यालयाने 2013 मध्ये संपावर जाचक नियम घातले होते. ते संपाच्या हक्काचा भंग करतात, असा निकाल यायला जुलै 2022 उजाडलं. नऊ वर्षं हा विषय जिवंत ठेवला तो तिथल्या कर्मचाऱ्यांनी आणि त्यांच्या प्रतिनिधींनी.

हा मेसेज वाचून यूएनमध्ये जायची स्वप्नं रंगवणारी किंवा त्या नोकरीला नावं ठेवणारी मुलं अभ्यासिकांमध्ये बरीच आहेत. त्यांना एवढंच सांगेन, की ऑफर आली तर पगाराच्या आकड्याआधी तीन गोष्टी बघा. करार कर्मचारी म्हणून आहे की सल्लागार म्हणून, कारण सल्लागाराला न्यायाधिकरणाचं दारही उघडं नाही, त्याचा वाद लवादाकडे जातो. संस्था कोणत्या न्यायाधिकरणाखाली येते. आणि तिथली कर्मचारी संघटना कार्यरत आहे का. असेल तर रुजू झाल्याच्या आठवड्यातच वर्गणी भरा.