मागच्या सीटवरची काळी बॅग

घराला कुलूप लावावं तर आपणच. किल्ली फिरली, खटका पडला, तरी आपण कुलूप एकदा ओढून बघतो. मग पुन्हा एकदा. तिसऱ्या वेळेला तर त्याला जवळजवळ लोंबकळतो. लिफ्ट आलेली असते, तिचं दार धरून बायको उभी असते, आणि आपण "गॅस बंद केलाय ना?" म्हणत चौथ्यांदा मागे फिरतो. घरात असतं काय? जुना टीव्ही, चादरींनी गच्च भरलेलं कपाट आणि कुणाच्या तरी मुंजीत मिळालेले, अजून खोक्यातून न काढलेले काचेचे सहा बाऊल.

हाच माणूस अर्ध्या तासाने सत्तर हजारांचा लॅपटॉप काळ्या बॅगेत घालतो, बॅग मोटारीच्या मागच्या सीटवर ठेवतो आणि रस्त्याच्या कडेला गाडी लावून मिसळ खायला जातो. लॅपटॉप आणि जग यांच्यात उरते ती तीन-चार मिलिमीटरची काच.

या काचेविषयी थोडं बोलायला हवं. गाडीची पुढची काच दोन थरांची असते, मध्ये प्लास्टिकचा पापुद्रा. ती तडकते, जाळं होतं, पण जागा सोडत नाही. बाजूच्या काचा बहुतेक गाड्यांत टफन्ड असतात. तळहाताने कितीही थोपटा, ढिम्म हलत नाहीत. कडेला टोकदार वस्तूचा एक टोला बसला की साबुदाणा सांडावा तशा सांडतात. हा दोष नव्हे. अपघातात धारदार तुकडे लागू नयेत आणि आतल्या माणसाला लवकर बाहेर पडता यावं म्हणून ती तशीच बनवतात. कुणाला बाहेर यायचंय आणि कुणाला आत, हे त्या बिचारीला कळत नाही, इतकंच.

अलार्मवर फार विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत तो दार उघडलं तरच बोंबलतो. काच फोडून हात आत आला, बॅगेचा पट्टा धरला आणि बॅग खिडकीतूनच बाहेर गेली, तर दार बंदच राहतं आणि अलार्मची झोपमोड होत नाही. समजा वाजलाच, तर आजूबाजूच्या इमारतींतून लोक शिव्या घालतात त्या गाडीच्या मालकाला. काळी फिल्म लावून आतलं झाकावं म्हटलं, तर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच ती वाट बंद केली. नियमाप्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आत गेला पाहिजे. म्हणजे चोरालाही निम्मं तरी दिसणारच.

उरली डिकी. डिकी चांगलीच, पण तिला मुहूर्त असतो, आणि तो आहे घरून निघतानाचा. आपण काय करतो? इच्छित स्थळी पोचतो, गाडी लावतो, उतरतो, चहूकडे बघतो, मागचं दार उघडून बॅग काढतो, ती छातीशी धरून डिकीपर्यंत नेतो, ठेवतो, डिकी दोनदा दाबतो आणि पुन्हा चहूकडे बघतो. समोरच्या टपरीवर ज्याला हे बघायचं असतं त्याचा कटिंग चहा तोवर संपलेला असतो. बॅग आधीच डिकीत हवी. निघताना विसरलात, तर पोचायच्या एक किलोमीटर आधी कुठेतरी थांबून टाका आणि मग पुढे जा.

हॅचबॅकवाल्यांनी एक जास्तीची गोष्ट बघावी. मागच्या काचेखाली जो काळा ट्रे असतो, तोच डिकीतलं सामान झाकतो. गावाहून तांदळाचं पोतं आणताना तो काढून ठेवलेला असतो आणि तेव्हापासून घरी माळ्यावर आहे. तो खाली काढा. ट्रेशिवायची डिकी म्हणजे दुकानाचं शोकेस.

बॅगेवर जॅकेट टाकणाऱ्यांसाठी वेगळा परिच्छेद हवा. भर मे महिन्यात पुण्यात मागच्या सीटवर जॅकेट? झाकलेली वस्तू मौल्यवान, हे चोराला कुणी शिकवावं लागत नाही. आपणही देवळाबाहेर चपला झाकत नाही. बॅगेत जिमचे घामट कपडे आहेत हे तुम्हाला ठाऊक, त्याला नाही. काच फुटते ती फुटतेच, वर घामट कपडे पुढच्या चौकात फेकलेले सापडतात. तेच पुढच्या काचेवर मोबाइल होल्डरने उठवलेल्या गोल ठशाचं, तेच सिगारेट लायटरच्या खोबणीत लोंबणाऱ्या चार्जरच्या वायरीचं. वस्तू खिशात, पण वायर सांगते की ती परत इथेच येते. होल्डर काढा, ठसा ओल्या फडक्याने पुसा. रोखीने टोल भरायच्या काळातली सुटी नाणीही आता उचला, फास्टॅग येऊन वर्षं झाली.

सगळ्यात धोक्याची जागा अंधारी गल्ली नव्हे. जिथे तुम्ही किती वेळ येणार नाही हे सगळ्यांना माहीत असतं, ती जागा. सिंहगडाच्या पायथ्याशी गाडी लावून माणूस चढायला लागला, की तो वर जाणार, पिठलं-भाकरी खाणार, मडक्यातलं दही संपवणार, फोटो काढणार. इतकं खात्रीचं वेळापत्रक एसटीचंही नसतं.

आता गाडीचं कुलूप. रिमोटचं बटण लांबून, पाठमोरं, खांद्यावरून दाबायची एक पद्धत आहे. ती दिसते छान. पण रिमोटचा संदेश रेडिओलहरींनी जातो, आणि जवळ कुणी त्याच लहरींवर गोंगाट करणारं यंत्र घेऊन उभा असेल तर गाडीला तो ऐकूच येत नाही. इंडिकेटर लुकलुकले का, आरसे मिटले का, हे डोळ्यांनी बघा आणि हँडल ओढा. इथे आपली कुलूप ओढायची परंपरा कामी येते, फक्त एका प्रकारच्या गाडीत ती घात करते. हँडलला हात लागताच उघडणाऱ्या गाड्यांची किल्ली खिशात असली की दार उघडणारच. मालक लॉक करतो, ओढतो, उघडतं. पुन्हा लॉक करतो, पुन्हा उघडतं. असे गृहस्थ पार्किंगमध्ये बराच काळ दिसतात. किल्ली बरोबरच्या माणसाकडे देऊन त्याला चार पावलं लांब पाठवा आणि मग ओढा.

काही चोरांना काच फोडायचाही कंटाळा असतो. ते तुम्हालाच खाली उतरवतात. सिग्नलला एकजण बोनेटकडे बोट दाखवतो, "साहेब, ऑइल गळतंय." (ऑइल त्यानेच टाकलेलं असतं.) किंवा खिडकीवर टकटक होते, "तुमचे पैसे पडले." खाली दहाच्या चार नोटा. त्या आपल्या नाहीत हे माहीत असूनही आपण उतरतो, हा मनुष्यस्वभाव. तेवढ्यात पलीकडचं दार उघडतं आणि सीटवरची बॅग जाते. चाळीस रुपये गुंतवून सत्तर हजार. ऑइल खरंच गळत असेल तरी पुढचा पेट्रोल पंप येईपर्यंत गाडी दम काढते. डॅशबोर्डवरचा ऑइलचा दिवा लागला तर मात्र गर्दीच्या जागी लगेच थांबा. उतरलात तर इंजिन बंद, किल्ली हातात, चारही दारं लॉक. कित्येक गाड्या चालू असताना आपोआप लॉक होतात आणि इंजिन बंद करताच तितक्याच आपोआप उघडतात, हे लक्षात असू द्या.

काच फुटल्यावर पहिला विचार येतो विम्याचा. इथे पेन घेऊन बसा. आपली नेहमीची पॉलिसी गाडीची असते, गाडीतल्या बॅगेची नसते. सामानासाठी वेगळं जोडकलम घ्यावं लागतं, आणि त्यातही रोख रक्कम आणि कार्डं धरत नाहीत. काचेचे पैसे मिळतात, पण १५०० सीसीपर्यंतच्या गाडीत पहिले १००० रुपये तुमचे. शिवाय क्लेम केला की नो क्लेम बोनस शून्यावर. हा बोनस म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, ती दरवर्षी २०, २५, ३५, ४५ अशी चढत ५० टक्क्यांपर्यंत जाते. समजा काच बसवायला अडीच हजार लागले: हजार वजा जाऊन हातात दीड हजार, आणि बोनस ५० टक्क्यांवर पोचलेला असून ओन डॅमेजचा (म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा) सूट धरण्याआधीचा प्रीमियम बारा हजार असेल तर पुढच्या वर्षी सहा हजारांची सूट गेली. वेगळं बोनस-रक्षण घेतलेलं नसेल, तर माझ्या मते ही दुसरी चोरी, सहीनिशी केलेली. काच गुपचूप खिशातून बसवा. गॅरेजवाल्याला दाराचं आतलं पॅनेल उघडून दारात पडलेले तुकडे काढायला सांगा, नाहीतर खिडकी वर-खाली करताना पुढचे सहा महिने दार खडीसाखर चावल्यासारखं बोलतं.

स्कूटरचं लवकर उरकतो. सीटचं कुलूप एका बाजूला असतं. दुसरी कड जोर लावून उचलली तर फटीतून हात जातो. तिथे रेनकोट ठेवावा, बँकेतून काढलेली रक्कम कधीच नाही. हेल्मेटच्या पट्ट्याची कडी सीटखालच्या हुकात अडकवून सीट बंद करा, आणि तोंड खाली ठेवा. उलटं टांगलं तर पावसाळ्यात त्याची बादली होते.

व्हॅलेला, म्हणजे हॉटेलच्या दारात आपली गाडी लावून देणाऱ्याला, किल्ली देताना गाडीचीच द्या, घराच्या जुडग्यासकट नव्हे. गाडीत आरसीवर पत्ता आणि हातात घराची किल्ली, आणखी काय हवं? आरसी गाडीत ठेवायचीही गरज नाही, डिजिलॉकरमधली चालते. 'वाहने मालकाच्या जबाबदारीवर' ही पाटी व्हॅलेच्या बाबतीत हॉटेलला सगळीकडे वाचवत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं. गाडी होती मारुती झेन, चोरीला गेली १९९८ मध्ये. निकाल लागेपर्यंत झेन बनायची बंद झाली होती.

ऑफिसमध्ये माणूस अधिक बेफिकीर, कारण तिथे सगळे ओळखीचे. लॅपटॉपच्या कडेला एक चिंचोळी खाच असते, सात बाय तीन मिलिमीटरची. तिच्यात केबलचं कुलूप बसतं. पातळ लॅपटॉपना सहा बाय अडीचची छोटी खाच असते आणि काहींना नसतेच, म्हणून मोजल्याशिवाय कुलूप मागवू नका. केबल साधारण १.८ मीटरची. ती टेबलाच्या पायाला गुंडाळतात. टेबल जरा उचललं की पायाखालून सुटते. आडव्या दांडीला किंवा वायरीच्या भोकातून ओवली तरच अर्थ. टेबलाखालच्या ड्रॉवरच्या कुलपावर तर किल्लीचा नंबर चक्क कोरलेला असतो. त्या नंबरावर किल्ली मागवता येते, आणि बऱ्याचदा एकाच्या किल्लीने शेजारच्याचाही ड्रॉवर उघडतो. तिथे बिस्किटं ठेवावीत.

दारावर कार्ड लावायचं यंत्र असतं, पण आपण सभ्य माणसं. मागून येणाऱ्यासाठी दार धरून ठेवतो. हातात खोकं किंवा शिडी असेल तर "या या" असंही म्हणतो. शिडी घेतलेल्या माणसाला कुठल्याही ऑफिसात कुणी अडवत नाही. वेळ जेवणाची, खुर्चीला कोट, कोटात पाकीट. कॅमेरा असतो, पण रेकॉर्डिंग ठरावीक दिवसांनी स्वतःवरच पुसून पुढे जातं, अनेक ठिकाणी पंधरा ते तीस. "बघू सोमवारी" करत महिना काढलात तर दिसेल फक्त रिकामी खुर्ची. त्याच दिवशी लेखी मागा.

फ्रिजमधला डबा, स्टेपलर, चार्जर यांच्यावर एकच उतारा: नाव. आपल्या घरात वाटी-तांब्यावरही नाव घालायची रीत आहे. भांड्यांच्या दुकानातलं नाव घालायचं मशीन स्टीलच्या डब्यावर दोन मिनिटांत नाव कोरून देतं. 'चि. सौ. कां. हिस आत्याकडून सप्रेम भेट' असं कोरलेला डबा मीटिंगमध्ये उघडायची हिंमत कुणात नाही. कायद्याची गंमत अशी, की १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा, पण नोकराने मालकाच्या ताब्यातली वस्तू चोरली तर सात वर्षांपर्यंत. म्हणजे सहकाऱ्याची भेंडी परवडली, कंपनीचा स्टेपलर नको. त्यात साधी चोरी पाच हजारांच्या आतली, पहिलीच असेल आणि माल परत केला तर समाजसेवेवर भागतं. भेंडी परत कशी करायची, हे संहितेत नाही.

गेलंच, तर तक्रार. अर्जात 'गहाळ' आणि 'चोरी' या दोन शब्दांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. गहाळचा दाखला सिमकार्डाला चालतो, विम्याला चालत नाही. काच फुटलेली असताना बॅग गहाळ कशी होईल, हे नम्रपणे पण तिथून न उठता विचारा. मग वर्णन विचारतात. बॅग? काळी. कुठली? कंपनीने दिलेली. लॅपटॉपचा सीरियल नंबर? लॅपटॉपच्या खाली लिहिलेला असतो, साहेब. मोबाइलचा आयएमईआय? स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबलं की दिसतो, फक्त दाबायला मोबाइल लागतो. फोनची ओळख असलेला हा पंधरा आकडी नंबर (दोन सिमच्या फोनला असे दोन), तक्रारीची प्रत आणि आपल्या जुन्याच मोबाइल क्रमांकाचं नवं सिम असेल तर दूरसंचार खात्याच्या संचार साथी संकेतस्थळावर फोन बंद पाडता येतो. नवं सिम आधी घ्या, ओटीपी त्यावरच येतो.

नंबर कुठून आणायचा? माळ्यावरून. दर दिवाळीला ज्या रिकाम्या खोक्यांवरून घरात महाभारत होतं, त्यातल्या मोबाइलच्या आणि लॅपटॉपच्या खोक्यावर दोन्ही नंबर छापलेले असतात. फोन गेला, लॅपटॉप गेला, बॅग गेली. खोकी मात्र जागच्या जागी, आतल्या थर्माकोलसकट, कुलूप तीनदा ओढून बघितलेल्या घरात.