पेटंटची 20 वर्षं कुठून मोजायची?

पेटंटविषयी एक मजकूर बराच काळ फिरतोय. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच: ‘एखाद्या शोधाला पेटंट मिळालं, की त्या दिवसापासून 20 वर्षं जगात कुठेही दुसऱ्या कोणाला तो वापरता येत नाही. 20 वर्षं भरत आली की कंपनी फी भरून नूतनीकरण करून घेते. तेही जमलं नाही, तर किरकोळ बदल करून आणखी 20 वर्षं पदरात पाडून घेते. म्हणून मोठ्या कंपन्यांची पेटंटं कधी संपतच नाहीत. आणि चुकून एखादं संपलंच, तर दुसऱ्या दिवसापासून ती वस्तू कोणीही बनवून विकावी.’

यातला 20 हा आकडा बरोबर आहे. त्याच्याभोवतीचं बहुतेक सगळं चुकलंय.

‘मिळालं त्या दिवसापासून’

नाही. 20 वर्षं मोजतात ती अर्ज दाखल केल्याच्या तारखेपासून. समजा 10 मार्च 2010 ला अर्ज केला आणि तपासणी, आक्षेप, उत्तरं हे सगळं होऊन 2016 मध्ये पेटंट मंजूर झालं. तरी ते संपणार मार्च 2030 मध्येच. मंजूर पेटंट हातात असण्याचा काळ उरला 14 वर्षांच्या आसपास.

हा गैरसमज मात्र हवेतून आलेला नाही. अमेरिकेत पूर्वी मंजुरीपासून 17 वर्षं मिळत. त्यामुळे अर्ज वर्षानुवर्षं रेंगाळत ठेवायचा, दरम्यान त्या तंत्रावर अख्खा उद्योग उभा राहू द्यायचा आणि मग मंजुरी घेऊन वसुलीला निघायचं, असे प्रकार होत. अशा पेटंटांना ‘पाणबुडी पेटंटं’ हे नावच पडलं होतं. जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स करारात अर्जाच्या तारखेपासून किमान 20 वर्षं हे ठरलं, आणि अमेरिकेने 8 जून 1995 पासूनच्या अर्जांना तीच मोजणी लावली.

अर्जाची तारीख म्हणजे नेमकी कोणती, यातही गोम आहे. पेटंटसारख्या हक्कांविषयीच्या पॅरिस करारानुसार (हवामानाचा तो वेगळा) एका देशात पहिला अर्ज केल्यावर 12 महिन्यांच्या आत दुसऱ्या देशात अर्ज करता येतो. शोध नवा आहे की नाही, हे तपासताना पहिली तारीख धरतात. मुदत मात्र त्या पहिल्या तारखेपासून मोजत नाहीत. अमेरिकेत प्रोव्हिजनल, म्हणजे पूर्ण अर्जाआधीच्या तात्पुरत्या अर्जाचा काळही 20 वर्षांत धरत नाहीत. भारतात तो धरतात.

‘जगात कुठेही’

जागतिक पेटंट नावाची वस्तूच नाही. आंतरराष्ट्रीय अर्ज असतो, पण तो फक्त दार उघडतो. पुढे ज्या त्या देशाच्या किंवा प्रदेशाच्या कार्यालयातून मंजुरी मिळवावी लागते. जिथे अर्जच केला नाही, तिथे त्या पेटंटला किंमत शून्य.

तारखाही देशागणिक वेगळ्या. जीआयएफ चित्रांची फाइल लहान करणारी एलझेडडब्ल्यू ही पद्धत घ्या. तिच्यावरचं युनिसिस कंपनीचं अमेरिकेतलं पेटंट 20 जून 2003 ला संपलं. ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी आणि इटलीत ते जून 2004 पर्यंत जिवंत होतं, कॅनडात जुलै 2004 पर्यंत. म्हणजे वर्षभर एकाच पद्धतीवरचा प्रोग्राम एका देशात मोकळा आणि दुसऱ्या देशात परवान्याखाली होता.

‘फी भरून नूतनीकरण’

घोळ बहुधा शब्दामुळे झालाय. ‘नूतनीकरण शुल्क’ खरंच असतं, पण ते 20 वर्षांनंतर मुदत वाढवण्यासाठी नव्हे. ते 20 वर्षांच्या आत पेटंट जिवंत ठेवण्यासाठी भरायचं असतं. भारतात तिसऱ्या वर्षापासून दरवर्षाचं शुल्क लागतं. अमेरिकेत मंजुरीनंतर साडेतीन, साडेसात आणि साडेअकरा वर्षांनी अशी तीनदा फी असते. साधारणपणे पेटंट जसं जुनं होतं तशी फी चढत जाते. सवलतीच्या मुदतीतही ती भरली नाही, तर पेटंट गळून पडतं. म्हणून 20 ही हमी नाही, कमाल मर्यादा आहे. ज्यातून कमाई होत नाही अशी पेटंटं मालक स्वतःच मध्येच सोडून देतात, आणि अशी पेटंटं थोडीथोडकी नसतात.

कधी कधी भलतंच मौल्यवान पेटंटही असं जातं. मधुमेहावरच्या ओझेम्पिकमधलं सेमाग्लुटाइड हे औषध नोव्हो नॉर्डिस्क कंपनीचं. त्याचं कॅनडातलं पेटंट काही शे डॉलरची वार्षिक फी भरली न गेल्यामुळे मुदतीच्या कित्येक वर्षं आधीच गेलं. मोठ्या कंपन्यांची पेटंटं संपतच नाहीत म्हणणाऱ्यांना मी हे उदाहरण आवर्जून सांगतो.

20 वर्षांपुढे मुदत जाऊच शकत नाही का? काही देशांत, ठरावीक कारणांसाठी, जाते. औषधाला विक्रीची परवानगी मिळेपर्यंत बरीच वर्षं निघून जातात, त्याची भरपाई म्हणून अमेरिकेत 1984 च्या कायद्याने जास्तीत जास्त 5 वर्षं वाढवून मिळतात. पण परवानगीनंतरचा एकूण काळ 14 वर्षांपुढे जाता कामा नये, अशी अट आहे. युरोपात पेटंटनंतर लागू होणाऱ्या पूरक संरक्षण प्रमाणपत्राने 5 वर्षांपर्यंत, आणि मुलांवरच्या वापराचा अभ्यास केला तर आणखी 6 महिने. भारतात अशी वाढ नाही. दर 10 वर्षांनी फी भरून कितीही वेळा पुढे नेता येतो तो ट्रेडमार्क. मजकूर लिहिणाऱ्याने बहुधा दोन्हींची सरमिसळ केली.

कोणे एके काळी खास मेहेरबानीने मुदत वाढत असे, हेही खरं. जेम्स वॉटच्या वाफेच्या इंजिनाचं 1769 चं पेटंट ब्रिटिश संसदेने 1775 मध्ये वेगळा कायदा करून थेट 1800 पर्यंत वाढवलं होतं. पण त्यासाठी संसद लागली, फीची पावती पुरली नाही.

‘किरकोळ बदल करून आणखी 20 वर्षं’

इथे मजकुरात तथ्य आहे, पण अर्धंच. बदललेल्या रूपाला नवं पेटंट मिळू शकतं, मात्र ते त्या बदलापुरतंच. जुन्या पेटंटची मुदत त्याने एका दिवसानेही वाढत नाही. मूळ गोळीचं पेटंट संपलं की मूळ गोळी मोकळी. दिवसातून एकदाच घ्यायच्या नव्या गोळीला पेटंट असलं, तरी जुनी बनवणाऱ्याला ते अडवू शकत नाही. आणि जुन्याच शोधावर पुन्हा पेटंट मागायला गेलं, तर कंपनीचं स्वतःचं प्रसिद्ध झालेलं पेटंटच आड येतं, कारण शोध आता नवा राहिलेला नसतो.

मग लोक चिडतात ते उगाच का? नाही. एका औषधाभोवती रेणू, मात्रा, मिश्रण, बनवण्याची रीत अशी डझनावारी पेटंटं रचली, तर प्रतिस्पर्ध्याला प्रत्येकाशी झुंजावं लागतं. संधिवातावरच्या ह्युमिरा या औषधाचं मुख्य पेटंट अमेरिकेत 2016 मध्ये संपलं, पण त्याच्यासारखी पर्यायी औषधं तिथे बाजारात आली 2023 मध्ये. युरोपात ती 2018 मध्येच आली होती. मधली वर्षं या कुंपणाने आणि त्यातून झालेल्या तडजोडींनी खाल्ली. राग असावा तर यावर असावा. ‘आणखी 20 वर्षं मिळतात’ या वाक्याने खरी युक्ती उलट झाकली जाते.

कायदा त्याला आवरही घालू शकतो. भारताच्या पेटंट कायद्यातलं कलम 3(ड) म्हणतं, की माहीत असलेल्या पदार्थाचं नवं रूप परिणामकारकतेत भर घालत नसेल तर त्याला पेटंट नाही. त्याच आधारावर सर्वोच्च न्यायालयाने 1 एप्रिल 2013 रोजी ग्लिवेक या कर्करोगावरच्या औषधासाठीची नोव्हार्टिसची मागणी फेटाळली.

‘दुसऱ्या दिवसापासून कोणीही बनवून विकावी’

साध्या यंत्राच्या बाबतीत हे जवळपास खरं आहे. तरी त्याच वस्तूतल्या एखाद्या भागावर दुसरं पेटंट चालू नाही ना, हे बघावं लागतं. आणि नाव वापरायचं नाही, ते ट्रेडमार्कचं.

औषधाचं तसं नाही. त्याला विक्रीची परवानगी लागते. तिची तयारी आणि चाचण्या पेटंट चालू असतानाच करायला बऱ्याच देशांत मुभा असते, म्हणून जेनेरिक, म्हणजे तेच औषध मूळ ब्रँडशिवाय बनवणाऱ्या कंपन्या मुदत संपण्याच्या तारखेकडे डोळे लावून सज्ज असतात. पण काही देशांत मूळ कंपनीच्या चाचण्यांच्या माहितीला वेगळं संरक्षण असतं, आणि ते पेटंटवर अवलंबून नसतं. कॅनडातल्या सेमाग्लुटाइडचं हेच झालं. फी न भरल्याने पेटंट गेलं होतं, तरी माहितीचं संरक्षण जानेवारी 2026 पर्यंत चालू राहिलं आणि जेनेरिकवाल्यांना तोवर थांबावं लागलं.