भावी आणि माजी

9 जानेवारी 2025 ला वॉशिंग्टनच्या कॅथेड्रलमध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांना निरोप दिला गेला. अर्ध्या तासात सांगलीहून दादाचा मेसेज घरच्या ग्रुपवर येऊन पडला. एकाच बाकावर ओबामा आणि ट्रम्प गप्पा मारतायत असा फोटो आणि खाली: "आपल्याकडे होईल का असं?"

मी अटलांटाजवळ राहतो, कार्टरांच्याच राज्यात, त्यामुळे अशा वेळी अमेरिकेची बाजू मांडायचं काम ग्रुपने मला परस्पर देऊन टाकलंय. पण खरं सांगायचं तर आपल्याकडे हे रोज होतं. सभेत एकमेकांची सालं काढणारे नेते संध्याकाळी कुणाच्या तरी लग्नात शेजारी बसून मठ्ठा पितात. त्या फोटोत मला काही नवल वाटलं नाही. नवल होतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. कार्टरांच्या आधीचे अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांचं कार्टरांवरचं श्रद्धांजलीचं भाषण त्यांचा मुलगा स्टीव्ह याने वाचून दाखवलं. फोर्ड 2006 मध्येच गेले. 1976 ची निवडणूक ते कार्टरांकडून हरले होते, पण पुढे दोघांची इतकी गट्टी जमली की जो मागे राहील त्याने दुसऱ्यावर बोलायचं असं ठरलं आणि फोर्ड आपलं भाषण लिहूनच ठेवून गेले. कार्टर 29 डिसेंबर 2024 ला गेले, वयाच्या शंभराव्या वर्षी. भाषण एवढी वर्षं वाट बघत पडलं होतं.

दादाचा मुख्य मुद्दा मात्र वेगळा होता. त्याच्या चौकात कायम "भावी आमदार", "भावी मंत्री" असे फ्लेक्स असतात, "माजी" व्हायला कुणी तयार नाही, आणि झालाच तर बंगला सोडत नाही. (उत्तर प्रदेशच्या माजी मुख्यमंत्र्यांचे तहहयात बंगले 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला रद्द करावे लागले, हे त्याचं आवडतं उदाहरण.) "आणि तुमचा तो कार्टर बघ. सज्जन माणूस. राजकारण जमलं नाही, गेला घरी, लागला समाजसेवेला."

हे वाक्य मी इथेही शंभरदा ऐकलंय: अध्यक्ष म्हणून वाईट, माजी अध्यक्ष म्हणून उत्तम. मला ते पटत नाही.

एक तर कार्टर नुसते सज्जन नव्हते. 1970 मध्ये जॉर्जियाच्या गव्हर्नरपदासाठी त्यांनी जो प्रचार केला, तो वर्णभेदवाद्यांची मतं गोळा करायचाच होता. निवडून आल्यावर जानेवारी 1971 मध्ये पहिल्याच भाषणात सांगितलं, वर्णभेदाचा काळ संपला. ज्यांनी मतं दिली त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. याला सज्जनपणा म्हणा की बेरकीपणा, पण राजकारण जमत नव्हतं असं म्हणू नका.

अध्यक्ष झाल्यावर ते हट्टाला पेटले. पनामा कालवा परत द्यायचा करार लोकांना नको होता, तरी त्यांनी तो सिनेटमधून 68 विरुद्ध 32 मतांनी काढला. 67 लागत होती. इजिप्त आणि इस्रायलच्या नेत्यांना समझोता व्हावा म्हणून कॅम्प डेव्हिडला 13 दिवस ठेवून घेतलं. पेट्रोलपंपावर रांगा लागल्या तेव्हा टीव्हीवर येऊन जनतेलाच सुनावलं की तुमची उधळपट्टी आवरा. निवडणूक वर्षावर आलेली असताना असं कोण बोलतं? मग तेहरानमध्ये 52 अमेरिकन 444 दिवस ओलीस राहिले, सुटकेची मोहीम वाळवंटात फसली, आठ सैनिक गेले, आणि 1980 मध्ये रेगन यांनी 44 राज्यं जिंकली. त्यामुळे दादा, "गेला घरी" हे खरं, पण तो गेला नाही, त्याला घालवला.

आपल्याशीही ते गोड वागले नव्हते. 1978 च्या जानेवारीत दिल्लीत, आपल्या तारापूर अणुवीज केंद्राच्या इंधनावरून, माइक चालू आहे हे न कळल्याने ते स्वतःच्या परराष्ट्रमंत्र्यांना सांगताना ऐकू आले की परत गेल्यावर मोरारजींना एक थंड आणि अगदी रोखठोक पत्र पाठवू. मोरारजींबद्दल मराठी माणसाला तसंही फारसं प्रेम नाही, पण तेव्हा आपली बाजू त्यांचीच होती. गंमत म्हणजे ज्या माणसाने हे म्हटलं त्याची आई, लिलियन, सत्तरीच्या उंबरठ्यावर असताना पीस कोअर या अमेरिकी सरकारच्या स्वयंसेवक योजनेतून नर्स म्हणून आली होती ती आपल्या विक्रोळीला. 2006 मध्ये कार्टर स्वतः लोणावळ्याजवळच्या पाटण गावात घरं बांधायला आले. ऐंशी ओलांडलेली होती आणि हातात हातोडा होता.

प्लेन्सला, कार्टरांच्या गावाला, मी दोनदा गेलोय. अटलांटाहून दक्षिणेला अडीच-तीन तास. लोकसंख्या सहाशेच्याही आत, एक गल्ली, एक रेल्वे स्टेशन, तिथूनच 1976 चा प्रचार चालला. रस्त्याच्या कडेला उकडलेल्या शेंगा विकायला असतात. मिठाच्या पाण्यात उकडलेल्या, गरम, अगदी आपल्या एसटी स्टँडवरच्या, फक्त पुडी वर्तमानपत्राची नाही. याच भुईमुगावर कार्टर जगले. नौदलात पाणबुडीवरचे अधिकारी होते, अणुपाणबुडीच्या कार्यक्रमात होते, 1953 मध्ये वडील वारले म्हणून नोकरी सोडून परत आले, आणि पुढच्या दुष्काळात वर्षाअखेर दोनशे डॉलरही सुटले नाहीत. 1981 मध्ये अध्यक्षपद संपवून पुन्हा याच गावात आले तेव्हा धंद्यावर दहा लाख डॉलरच्या घरात कर्ज. 1961 मध्ये बांधलेल्या साध्या घरात राहिले, तिथेच वारले, आणि आता पत्नी रोझलिनशेजारी त्याच आवारात आहेत.

पण मला त्यांच्याबद्दल जे वाटतं ते प्लेन्समुळे नाही, नारूमुळे.

आजीच्या नडगीवर नारूचा एक वाटोळा वण होता. तिचं माहेर मराठवाड्यातलं, पाणी पायऱ्यांच्या विहिरीचं. नारू झालेला माणूस आग थंड करायला पाण्यात पाय घालतो, कीड आपली पिल्लं तिथे सोडते, तेच पाणी घागरीत येतं. वर्षभराने दोन-तीन फुटांची दोरी कातडीतून बाहेर येते. ती काडीला गुंडाळायची, रोज बोटभर. घाईत तुटली तर पाय सुजून कामातून जातो. ऐन सुगीत तीन आठवडे अंथरुणात काढले, असं आजी सांगायची, आणि नंतर मरेपर्यंत पाणी वस्त्रगाळ केल्याशिवाय प्यायली नाही. मुख्य उपाय तोच आहे. रोग्याला द्यायला औषध नाही, लस नाही.

1986 मध्ये जगात नारूचे अंदाजे 35 लाख रुग्ण होते. तेव्हापासून कार्टर यांची संस्था त्याच्यामागे लागली. 1988 मध्ये घानातल्या एका गावात त्यांना एक बाई दिसली. ती कडेवर मूल घेऊन उभी आहे असं त्यांना वाटलं. जवळ गेल्यावर कळलं, ती सुजलेली छाती धरून होती, आणि त्यातून नारू बाहेर येत होता. 1995 मध्ये सुदानच्या यादवीत त्यांनी जवळजवळ सहा महिने बंदुका थांबवून घेतल्या, कशासाठी, तर पाणी गाळायची फडकी गावोगाव पोचवता यावीत म्हणून. 2024 मध्ये जगभरात रुग्ण होते 15.

ग्रुपवर लगेच कुणीतरी फॉरवर्ड टाकला की भारतातला नारू कार्टरनी संपवला. तसं नाही. आपला कार्यक्रम ऐंशीच्या दशकात आपणच सुरू केला, शेवटचा रुग्ण 1996 चा, आणि विहिरीत जंतुनाशक टाकत फिरलेले आरोग्यसेवक आपलेच होते. त्यांचा फ्लेक्स कधी लागला नाही.

तर माझं दादाला म्हणणं एवढंच होतं, की हा एकच माणूस आहे. ज्या हट्टाने त्याने पेट्रोलच्या रांगेतल्या लोकांना उपदेश केला, त्याच हट्टाने तो जवळजवळ चाळीस वर्षं गाळणीचं फडकं घेऊन फिरला. मतदाराला तो हट्ट सहन होत नाही, नारूला झेपत नाही. आणि इथले सगळे माजी असे असतात अशी समजूत करून घेऊ नकोस. एकेका भाषणाचे लाखो डॉलर घेणारेही आहेत, आणि मतदानात हरल्यावर हरलो म्हणायला नकार देणारे तर तू स्वतः टीव्हीवर पाहिलेस.

रात्री दादाचा फोन आला. वाद संपवायचा त्याचा मूड नव्हता.

"ते सगळं ठीक रे. पेन्शन किती मिळायची त्याला?"

"दोन लाख डॉलरच्या वर."

"महिन्याला?"

"वर्षाला."

"हात्तिच्या," दादा म्हणाला. "आमच्या इथल्या माजी सभापतीची गाडी जास्त किमतीची आहे."