‘जळालेली मागवली, गंजलेली आली’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा दोन स्टारचा अभिप्राय वाचला, सोबतचे फोटोही मोठे करून पाहिले. खंडाळ्याच्या घाटाच्या देखाव्यासाठी तुम्ही आमच्याकडून १:८७ मापाच्या (खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढ्या) दोन छोट्या प्रतिकृती घेतल्यात, एक ट्रक आणि एक काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी, दोन्ही आगीत सापडलेल्या. तुमचं म्हणणं असं: गाड्या काळ्या नाहीत, गंजक्या आहेत, ट्रकच्या केबिनला अजून नारिंगी रंग आहे, मागची चाकं बसलेली आहेत, हात लावला की पावडर निघते, आणि फाळक्यावरचं ‘हॉर्न ओके प्लीज’ स्वच्छ वाचता येतं. शेवटी ‘२,४०० रुपयांत भंगार मिळालं’ असं लिहिलंय.

यातल्या दोन तक्रारी अगदी खऱ्या आहेत, आधी त्या घेतो.

फाळक्याचं तुम्ही बरोबर पकडलंत. आग मागून लागली, हौद्याचा नुसता सांगाडा उरला, आणि लाकडी फाळका मात्र अक्षरांसकट धडधाकट, हे होणं शक्यच नाही. खरं कारण सांगतो. ती अक्षरं भिंगाखाली, चार केसांच्या ब्रशने लिहिलेली आहेत. दोनदा बिघडली, तिसऱ्यांदा जमली. मग ती जाळायला माझा हात धजावला नाही. इतकंच.

पावडरीचीही चूक आमचीच. आम्ही गेरू, कोळशाची पूड आणि उदबत्तीची राख वापरतो. राख मलमलीतून दोनदा चाळून घेतो, कारण या मापात साधा कणही दगडासारखा दिसतो. हे सगळं ब्रशने बसवून वर मॅट वार्निशचा फवारा मारतो. ऐन पावसाळ्यात दमट हवेत फवारलं की वार्निश दुधाळ होतं, म्हणून तुमच्या गाड्यांवर एकच विरळ हात मारला आणि माल पाठवला. दोन कोरड्या दिवसांची वाट बघायला हवी होती. त्यातही टपावर वार्निश जपूनच मारावं लागतं, नाहीतर राखेचा पांढरेपणा पार पिऊन टाकतं. म्हणून आम्ही ‘गाडी खालून, चासीला धरा’ अशी चिठ्ठी खोक्यात ठेवतो. ती तुमच्या खोक्यात नव्हती.

रंगाबाबत मात्र माझं तुमच्याशी पटत नाही.

जळालेली गाडी काळीकुट्ट असते, हा आपला सगळ्यांचाच समज. मीही पहिली दोन वर्षं काळा रंग फासूनच द्यायचो. मग एका पोलीस चौकीमागे मुद्देमालाच्या रांगेत एक जळका टेम्पो दिसला, आणि त्याच्याभोवती अर्धा तास फिरलो. काळं कुठे होतं? जिथे आग अर्धवट जळली तिथे: खिडक्यांच्या वरच्या कडेला, दाराच्या फटीतून धूर बाहेर पडला तिथे, आणि जळका भाग संपून शाबूत रंग सुरू होतो त्या सीमेवर. तिथे रंगाला फोड आले होते. जिथे आग सगळ्यात कडक होती, तिथे काजळीसुद्धा जळून गेली होती आणि पत्रा राखाडी, मधूनच पांढरट. त्यावर नारिंगी गंज. रंग आणि प्रायमर दोन्ही गेले की पत्रा उघडा पडतो. बंबाचं पाणी बसलं, वर एखादा पाऊस झाला, की दोन-चार दिवसांत तो ताज्या गेरूसारखा दिसतो. जुन्या भंगाराचा गंज याहून गडद, तपकिरी असतो. तुमच्या पद्मिनीचा टप आणि बॉनेट पुन्हा एकदा उन्हात धरून बघा, राखाडी आणि नारिंगी, दोन्ही रंग वेगळे दिसतील.

केबिनचं उत्तर तुमच्याच ऑर्डरमध्ये आहे. तुम्ही लिहिलं होतंत, ‘घाट उतरताना पेटलेला ट्रक’. उतारावर ब्रेक दाबून दाबून लायनर तापतात, मागच्या जोडचाकांचे टायर पेट घेतात, तिथून हौदा आणि माल. केबिनची पुढची बाजू बऱ्याचदा शेवटी जळते, किंवा तोवर बंब पोचलेला असतो. म्हणून समोर नारिंगी ठेवला आणि पाठीमागे फोड दाखवले. चाकं बसलेली आहेत कारण टायर उरलेलेच नाहीत. रिमला गुंडाळलेली जी बारीक तार दिसते ती टायरच्या आतली. कमानपाटेही अशा उष्णतेत ताण सोडतात, गाडी मागे बसते. कुरिअरमध्ये काही मोडलेलं नाही.

‘लायटरने वितळवली असती तर बरं झालं असतं’ असंही तुम्ही सुचवलंय. नको सर. एक तर या गाड्या रेझिनमध्ये प्रिंट केलेल्या आहेत. रेझिन वितळत नाही, कोळपतं आणि घाणेरडा धूर सोडतं. दुसरं, पोलाद वितळायला साधारण १,५०० अंश लागतात. रस्त्यावरच्या गाडीची आग तिथवर जात नाही. पत्रा वाकतो, टप मध्ये खचतो, पण मेणासारखा ओघळत नाही. ओघळतं ते ॲल्युमिनियम, ६६० अंशांना. आणि प्लॅस्टिकचा एक मिलिमीटरचा ओघळ म्हणजे खऱ्या गाडीवर जवळजवळ नऊ सेंटीमीटर. तेवढा ओघळ दिसला की देखावा गेलाच.

पद्मिनी जेमतेम साडेचार सेंटीमीटरची आहे. तिच्या मागच्या दारातून टॉर्च मारून आत पाहिलंत का? सीटचा फोम, रेक्झिन सगळं जळून फक्त स्प्रिंगा उरतात. त्या स्प्रिंगा तांब्याच्या केसाएवढ्या तारेच्या, सुईवर गुंडाळून केलेल्या आहेत. पायाशी चकाकतेय ती काच, सूक्ष्मदर्शकाची कव्हरस्लिप (अगदी पातळ काच) कुटून टाकलेली. हे फोटोत येत नाही, त्याचा मला मनापासून राग येतो.

तरी ‘भंगार’ हा शब्द तुम्हाला का सुचला, ते तुमच्या तिसऱ्या फोटोत कळलं. ट्रक स्वच्छ डांबरी रस्त्यावर उभा आहे, खालचा पांढरा पट्टासुद्धा कोरा. जळक्या गाडीखाली डांबर उकलतं, टायरच्या राखेचे गोल राहतात, शेजारच्या दगडी भिंतीवर काजळी चढते, बंबाच्या पाण्याचे ओघळ उताराकडे जातात. ते नसलं की कुणी भंगारवाल्याने गाडी आणून ठेवल्यासारखी वाटते. हे आम्ही आधी सांगायला हवं होतं.

त्याहून मोठं न विचारलेलं म्हणजे, आग लागून किती दिवस झाले? मी मनाने आठवडा धरला. तुमच्या देखाव्यात बहुतेक ती त्याच रात्रीची आहे, कारण पहिल्या फोटोत शेजारी बंब उभा दिसतो. त्या रात्रीची गाडी खरंच काळी आणि ओली असते, गंज नसतो. म्हणजे देखाव्यापुरतं तुमचं बरोबर, गाडीपुरतं माझं. आता ऑर्डरच्या फॉर्मवर हा प्रश्न सगळ्यात वर टाकलाय.

दोन्ही गाड्या परत पाठवा, जाण्यायेण्याचा कुरिअर आमच्याकडे. गंज काढून ओली काजळी चढवतो, फाळका जाळतो (या वेळी नक्की), आणि खाली बसवायला जळक्या रस्त्याचा एक तुकडा करून देतो, त्याचे पैसे नाहीत. हवेचा अंदाज घेऊन साधारण दोन आठवडे धरा. हे नको असेल तर पूर्ण रक्कम परत करतो, त्याला काही अट नाही. किंमत मात्र कमी करणार नाही. दोन गाड्यांवर अकरा तास हातकाम आहे.

रस्त्याच्या तुकड्यासाठी तुमच्या घाटरस्त्याची रुंदी मिलिमीटरमध्ये आणि उतार कुठल्या बाजूला आहे तेवढं ऑर्डरच्या मेसेजवर कळवा. ओघळ उलटे जायला नकोत.