महादेवाची नावं एवढी गोड करू नका

श्रावण लागला की आमच्याकडे पाऊस पडो न पडो, मोबाईलवर 'महादेवाची १०८ नावे व त्यांचे अर्थ' मात्र धो धो पडतात. नावं बहुतेक बरोबर असतात. अर्थ मात्र सगळ्यांचा एकच. कल्याण करणारा, मंगल करणारा, शांती देणारा. परवा एकात 'उग्र' म्हणजे 'भक्तांवर प्रेम करणारा' असं वाचलं. अरे भाऊ, सगळ्यांचा अर्थ एकच होता तर १०८ नावं कशाला ठेवली? एकात भागलं असतं.

शतपथ ब्राह्मण या यजुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात या नावांची एक गोष्ट आहे. प्रजापतीला मुलगा होतो आणि तो रडायलाच लागतो. का रे बाबा रडतोस? तर म्हणतो, मला नाव नाही, नाव ठेवा. रडला म्हणून रुद्र. तेवढ्यावर गडी ऐकत नाही, आणखी द्या म्हणतो. मग सर्व, पशुपती, उग्र, अशनी, भव, महान देव, ईशान. आठ झाली तेव्हा कुठे गप्प बसला. आणि एकेका नावाला एकेक गोष्ट जोडलेली: रुद्र म्हणजे अग्नी, सर्व म्हणजे पाणी, उग्र म्हणजे वारा, भव म्हणजे पर्जन्य, महान देव म्हणजे चंद्र, ईशान म्हणजे सूर्य. पशुपती म्हणजे वनस्पती, कारण जनावरांना चारा मिळाला की ती जोर धरतात. हे कोण्या शेतकऱ्यानं सांगितल्यासारखं वाटतं ना?

राहिला अशनी. अशनी म्हणजे वीज. मृगात ज्यानं झाडाखाली बांधलेली बैलजोडी जागच्या जागी गेलेली पाहिली, त्याला जाऊन सांगा की अशनी म्हणजे 'दिव्य तेज देणारा'. तो काय म्हणेल ते इथे लिहिता येणार नाही.

मग 'शिव' हे गोड नाव आलं कुठून? ऋग्वेदात ते मुळात विशेषण आहे, मंगल, कृपाळू अशा अर्थाचं. पुढे यजुर्वेदात रुद्राला म्हटलं जातं, तुझं जे शिव रूप आहे, अघोर म्हणजे भयंकर नसलेलं रूप आहे, त्यानं आमच्याकडे पाहा. आमच्या लेकरांना मारू नकोस, आमच्या गाईंना, घोड्यांना इजा करू नकोस. म्हणजे हे वर्णन कमी आणि विनवणी जास्त. आपले म्हातारे साप चावला तर 'पान लागलं' म्हणायचे. भीती ज्याची, त्याचं नाव जपून घ्यायचं. माझ्या मते 'शिव' त्याच जातीचं नाव आहे. पुढे त्या नावासारखाच देव लोकांनी मानला, हा भाग वेगळा.

आता अभिषेकाबद्दल. श्रावण सोमवारी गुरुजी रुद्राची, म्हणजे यजुर्वेदातल्या त्याच स्तोत्राची, आवर्तनं करतात, आपण हात जोडून बसतो, अर्धं लक्ष घड्याळाकडे. त्या रुद्रात एक ओळ येते: 'नम उर्वर्याय च खल्याय च.' पिकाऊ वावरात असणाऱ्याला नमस्कार, खळ्यात असणाऱ्याला नमस्कार. आणखी एक: 'नमो वर्ष्याय चावर्ष्याय च.' पावसात असणाऱ्याला नमस्कार, पाऊस नसतानाही असणाऱ्याला नमस्कार. जिथे सोयाबीनची दुबार पेरणी करावी लागते आणि कपाशीची बोंडं फुटली की अवकाळी झोडपतो, तिथे ही ओळ आम्हाला कोणी मराठीत सांगितली नाही, याचा मला खरंच राग आहे. वावर आणि खळं थेट वेदात, आणि आम्ही आपले 'शांती देणारा' फॉरवर्ड करत बसलो.

त्याच रुद्रात सुताराला नमस्कार आहे, कुंभाराला आहे, लोहाराला आहे, शिकाऱ्याला आहे, कुत्र्यांनाही आहे. चोरांच्या म्होरक्यालासुद्धा आहे: 'तस्कराणां पतये नमः.' आणि हेच म्हणत असताना गाभाऱ्यात कोणी यावं, कोणी बाहेर थांबावं याची गावोगाव भांडणं!

पोथीवाल्यांपेक्षा आमच्या पोळ्याला महादेव जास्त कळलेला आहे. तोरणाखाली बैलजोड्या उभ्या असतात आणि झडत्या, म्हणजे पोळ्यात म्हणायची खटकेबाज गाणी, सुरू होतात. त्यातली एक विदर्भात सगळ्यांना पाठ आहे, तिच्यात 'महादेव रडे दोन पैशासाठी' असं येतं. पार्वतीच्या लुगड्याला छप्पन गाठी असतात, आणि देव गरिबासाठी कधी धावला, असा रोकडा सवाल असतो. तेवढं सुनावून झालं की लगेच 'एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव!' शिवी आणि नमन एका दमात. शतपथातला रुद्र नावासाठी रडतो, आमचा दोन पैशासाठी. हा योगायोग असेल, पण मला तो फार आवडतो. आणि 'हर' म्हणजे तरी काय? हरण करणारा, नेणारा. दुःख नेणारा म्हणायला सोपं आहे. प्राण नेणाराही तोच. दोन्ही माहीत असूनच लोक त्याच्या नावानं ओरडतात.

कमेंटमध्ये 'देवाला भीतीदायक करू नका' असं कोणीतरी लिहिणारच. लिहा. माझं म्हणणं एवढंच आहे की ज्याला पाऊस, वीज, ढोरं आणि मरण यांची नावं दिली, त्याला नुसता गोडगोड करून टाकला तर आमच्या वावराशी त्याचा संबंध काय उरतो?

आमच्या देवळाला यंदा रंग द्यायचं चाललंय. रुद्रातल्या दहा ओळी मराठी अर्थासकट भिंतीवर लिहायच्या, रंगाचा आणि पेंटरचा खर्च माझा, असं मी बैठकीत सांगून टाकलं. अट एकच, चोरांची ओळ गाळायची नाही. दोघा-तिघांनी आत्ताच नाकं मुरडलीत.