ब्लीचिंग आणि ॲसिड एका बादलीत कालवू नका रे बाप्पा

"हिरवा स्विमिंग पूल एका रात्रीत निळा, फक्त ५० रुपयात" असा एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपात फिरून राहिला आहे. इतके दिवस मी सोडून देत होतो, पण मागच्या रविवारी माझ्या भाच्यानं तो वाचून खरंच बादली भरली. त्याचा काटोलकडे संत्र्याच्या बागेत होमस्टे आहे, ५० हजार लिटरचा छोटा पूल, पाणी शेवाळानं हिरवंगच्च आणि पाहुणे यायचे होते. मेसेजात लिहिलं होतं की ब्लीचिंग पावडर आणि संडास धुवायचं ॲसिड एकाच बादलीत कालवा, फेस आला की औषध तयार.

पोरानं पंपरूममध्ये उतरून अर्धा मग ॲसिड ओतलं आणि हिरवट-पिवळा धूर उठला. डोळे मिटूनच तो शिडी चढला, म्हणून वाचला. रात्रभर खोकत होता, ताईचा मला फोन आला तेव्हा मागे त्याचा तो खोकलाच ऐकू येत होता.

तो फेस औषधाचा नाही, क्लोरीन वायूचा आहे. पहिल्या महायुद्धात १९१५ साली बेल्जियममधल्या ईप्रला सैनिकांवर सोडला होता तोच. हवेच्या अडीच पट जड, त्यामुळे खाली साचतो, आणि आपल्याकडचे पंपरूम काहून धोक्याचे, तर बरेचसे जमिनीखाली खड्ड्यात असतात, वर एक झाकण, माणूस वाकून बादली ढवळणार म्हणजे नाक नेमकं त्या धुरातच. वरून शेवाळ मारायला जो क्लोरीन पाहिजे तोच असा हवेत उडून जातो. पूलला ॲसिड लागतं, पण पीएच, म्हणजे पाण्याच्या आंबट-खारेपणाचं माप, उतरवायला, तेही वेगळ्या वेळी, वेगळ्या बादलीत, उघड्यावर, आणि पाण्यात ॲसिड टाकायचं, ॲसिडवर पाणी नाही. टीसीसीएच्या (दुसऱ्या प्रकारच्या क्लोरीनच्या) गोळ्या आणि ब्लीचिंगही एकत्र करू नका, दोन्हीला एकच मग्गा सुद्धा वापरू नका, पेट घेते.

मेसेजातले बाकीचे मुद्दे. "क्लोरीनचा वास आला म्हणजे भरपूर झालं, आणखी टाकू नका" हे साफ उलटं. तो डोळे चुरचुरवणारा वास घाम-लघवीशी चिकटून वाया गेलेल्या क्लोरीनचा असतो, म्हणजे कामाचा क्लोरीन कमी पडला.

"रात्री फिल्टर बंद ठेवा, औषध मुरू द्या." अरे भाऊ, मेलेलं शेवाळ काढणार कोण मग? शेवाळ असताना पंप दिवसरात्र चालला पाहिजे. साफ फिल्टरवर दाबाचा गेज १० पीएसआय दाखवत असेल तर १८-२० ला गेलं की बॅकवॉश, म्हणजे फिल्टरमधून उलटं पाणी सोडून धुणं, फिल्टरच्या काचेत पाणी स्वच्छ दिसेपर्यंत, मग रिन्स, म्हणजे सुलट पाण्यानं खळखळणं.

मोरचूद टाका म्हणतात. मानतो, मोरचूद शेवाळ मारतं, आपण संत्र्याला बोर्डो लावतो तेच ते, पण जंतूंसाठी त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही, आणि तांब्याचे डाग भिंतीवर बसतात ते घासून निघत नाहीत. तुरटीनं गाळ बसतो, तेवढंच. आणि औषध संध्याकाळी टाका हे त्यांचं खरं आहे, आपल्या मे महिन्याच्या उन्हात नुसता क्लोरीन दोन-तीन तासांत बहुतेक उडून जातो.

पीएचचं तर मेसेजात नावच नाही. जागतिक आरोग्य संघटनेची पूलसाठी २००६ ची मार्गदर्शिका आहे, तिच्यात पीएच ७.२ ते ७.८ दिला आहे. ८ च्या वर गेलं की टाकलेल्या क्लोरीनचा जेमतेम पाव हिस्सा जोरानं काम करतो, लोक पोतं रिकामं करतात आणि पाणी हिरवंच राहते.

भाच्याकडे आम्ही आधी पीएच ७.४ वर आणला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी १० पीपीएमच्या (लिटरमागे १० मिलिग्रॅम क्लोरीन) हिशेबानं ताज्या ब्लीचिंगची पावणेदोन किलो पावडर साध्या पाण्यात कालवली, चुना खाली बसू दिला आणि फक्त वरची निवळ सोडली. भिंती ब्रशनं घासल्या, पंप चालूच. दुसऱ्या सकाळी पाणी राखाडी, दिवसातून तीनदा बॅकवॉश, संध्याकाळी पुन्हा तोच डोस. चौथ्या दिवशी तळाची जाळी दिसली. क्लोरीन ३ पीपीएमच्या खाली आल्यावरच पोट्टे पाण्यात उतरले, आणि त्या पाहुण्यांना आठ दिवस पुढे ढकलावं लागलं.