ॲजाइल म्हणजे 'काही लिहू नका' असं नव्हे

ॲजाइल ही सॉफ्टवेअर छोट्याछोट्या टप्प्यांत बनवायची पद्धत. 'ॲजाइलमध्ये डॉक्युमेंटेशन नसतं, प्लॅनिंगही नसतं' असा मेसेज आयटीवाल्यांच्या ग्रुपवर फिरतोय. तो चुकीचा आहे, आणि नव्याने कामाला लागलेली मुलं तो खरा मानतात याचं वाईट वाटतं.

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात, स्नोबर्ड इथे १७ जणांनी ॲजाइलचा जाहीरनामा तयार केला. त्यात सविस्तर कागदपत्रांपेक्षा चालणाऱ्या सॉफ्टवेअरला जास्त महत्त्व दिलंय. पण कागदपत्रांनाही मोल आहे, हे त्याच जाहीरनाम्यात स्पष्ट लिहिलंय. नेमकं तेच वाक्य मेसेजमधून गळतं. प्लॅनिंगचं म्हणाल, तर स्क्रम या ॲजाइलच्या एका प्रकारात प्रत्येक स्प्रिंटची, म्हणजे कामाच्या ठरावीक मुदतीच्या टप्प्याची, सुरुवातच त्याने होते. महिनाभराच्या स्प्रिंटसाठी आठ तासांपर्यंत.

थोडंथोडं काम ग्राहकाला दाखवत गेल्याने चूक लवकर सापडते, ही या पद्धतीची खरी ताकद. दुबळी बाजूही आहे. सगळं तोंडी ठरत गेलं, तर जाणकार माणूस नोकरी सोडताना माहितीही सोबत नेतो. किंमत आणि काम आधीच पक्कं ठरलेल्या करारात तर दर आठवड्याचा बदल भांडणाचं कारण होतो. मेसेज पुढे पाठवलेल्यांनी हा खुलासाही त्याच ग्रुपवर टाकावा, ही विनंती.